खोड की आजार? : मांजराच्या वागणुकीचा शास्त्रीय विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

चार-पाच वर्षे घरात सुखाने नांदलेले एखादे मांजर एके दिवशी अंथरुणावर लघवी करते. पहिल्या दिवशी त्याच्यावर ओरडले जाते. दुसऱ्या दिवशी फटका बसतो. आणि आठवडाभरात हा प्रकार थांबला नाही, तर घरातील कोणीतरी त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा मासळीबाजाराजवळ सोडून येते. मांजर बिघडले, त्याला खोड लागली, त्याने डूख धरला, अशी कारणे अशा वेळी सांगितली जातात.

ह्या सर्व कारणांच्या मुळाशी एक गृहीत गोष्ट असते. मांजराला आपण वाईट करीत आहोत हे कळते आणि माणसांना त्रास द्यावा हा त्याचा हेतू असतो, ही ती गोष्ट होय. पशुवैद्यकातील अनुभव व गेल्या अर्धशतकातील संशोधन ह्या समजुतीला आधार देत नाही. उलट, ज्या वागणुकीला आपण खोड म्हणतो ती पुष्कळदा शरीरातील दुखण्याचे पहिले, आणि कित्येकदा एकमेव दिसणारे, लक्षण असते असे आढळून आले आहे. वर वर्णिलेल्या मांजराला मूत्राशयाचा दाह झालेला असू शकतो. ते जर बोका असेल आणि त्याचा मूत्रमार्ग तुंबला असेल, तर एक-दोन दिवसांत त्याचा मृत्यूही ओढवू शकतो.

म्हणून मांजराच्या वागणुकीत अचानक बदल दिसल्यास तीन प्रश्न एका विशिष्ट क्रमाने विचारले पाहिजेत. त्याच्या शरीरात काही बिघाड आहे काय? त्याच्या भोवतालच्या परिस्थितीत काही बदल झाला आहे काय? आणि ही दोन्ही उत्तरे नकारार्थी आली, तरच, ही केवळ लागलेली सवय आहे काय? हा क्रम का पाळावा व कसा पाळावा, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

२. पूर्वजांकडून आलेला वारसा

पाळीव मांजराचा स्वभाव समजण्यासाठी त्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. निरनिराळ्या देशांतील पाळीव मांजरे व रानमांजरे ह्यांच्या जनुकांची तुलना करून २००७ साली शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, जगातील पाळीव मांजरांचे मूळ उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजरात आहे. राजस्थान व कच्छ येथील रुक्ष प्रदेशात आढळणारे वाळवंटी मांजर हे ह्याच रानमांजराच्या जवळच्या नात्यातील होय. माणूस व मांजर ह्यांचे साहचर्यही बरेच जुने आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचा सांगाडा मिळाल्याचे फ्रेंच संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केले. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. तेव्हा माणसांनीच ती नावेतून तेथे नेली असली पाहिजेत.

तथापि हे साहचर्य कुत्र्याच्या साहचर्याहून वेगळ्या प्रकारचे आहे. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहत व कळपाने शिकार करीत. रानमांजर हे एकटे शिकार करणारे, आणि आपल्याहून मोठ्या श्वापदांचे भक्ष्य होणारे असे दोन्ही आहे. दुबळेपणा दाखवणाऱ्या एकट्या प्राण्याला मदत करण्यास कोणी येत नाही. शत्रूला मात्र सुगावा लागतो. ह्यामुळे दुखणे लपविण्याची प्रवृत्ती मांजराच्या अंगी आली असावी असे मानले जाते. आजारी मांजर विव्हळत बसत नाही. ते कपाटामागे जाऊन पडते, अन्न थोडे कमी खाते, अंग चाटून स्वच्छ करणे सोडून देते, किंवा पूर्वी जेथे उडी मारीत असे तेथे उडी मारीत नाही. घरची माणसे ह्याला आळस किंवा म्हातारपण समजतात.

दुसरा वारसा पाण्यासंबंधीचा आहे. रुक्ष प्रदेशात राहणाऱ्या पूर्वजांना प्यावयास पाणी क्वचितच मिळे. उंदीर, पक्षी ह्यांच्या मांसात सुमारे दोनतृतीयांश पाणीच असते. त्यावर त्यांची बहुतेक गरज भागे. मांजराची मूत्रपिंडे पाणी वाचवून अतिशय दाट मूत्र तयार करू शकतात ती ह्यामुळेच. परंतु कोरड्या अन्नावर राहणारे आणि सवयीने कमी पाणी पिणारे घरगुती मांजर आपल्या मूत्राशयात दाट, क्षारयुक्त मूत्र दीर्घकाळ साठवून ठेवते. पुढे वर्णिलेल्या आजारांत ह्या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

३. एक उदाहरण : जागा सोडून लघवी करणे

शहरातील बंद घरांत मांजरासाठी घमेल्यात किंवा पसरट भांड्यात वाळू अगर बारीक माती ठेवतात. हे घमेले सोडून मांजर अन्यत्र लघवी करू लागले, ही पाळणाऱ्यांची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. वरकरणी एकच दिसणाऱ्या ह्या तक्रारीची निदान चार कारणे संभवतात, आणि थोड्या निरीक्षणाने ती पुष्कळ अंशी वेगळी ओळखता येतात.

(अ) मूत्राशयाचा दाह. मांजर वारंवार बसते. प्रत्येक वेळी चार-दोन थेंबच पडतात. कुंथते, ओरडते, नंतर तो भाग सारखा चाटते. लघवीत कधी रक्ताची छटा असते. घमेल्यात बसले असता दुखते, हा अनुभव आल्यामुळे ते घमेले टाळू लागते व मोरी, फरशी, अंथरूण अशा दुसऱ्या जागा शोधते.

(आ) मूत्राचे प्रमाण वाढणे. मांजर पाणी अधिक पिते व पुष्कळ लघवी करते. घमेले लवकर ओले होते, म्हणून ते दुसरी जागा पाहते. मूत्रपिंडाचा जुनाट आजार व मधुमेह ही ह्याची प्रमुख कारणे होत. उतारवयातील मांजरांत ती विशेष आढळतात.

(इ) घमेल्याविषयी नावड. लघवीचे प्रमाण व बसण्याची पद्धत नेहमीसारखीच असते, पण जागा बदललेली असते. घमेले अस्वच्छ असणे, ते कपडे धुण्याच्या यंत्राजवळ किंवा रहदारीच्या वाटेवर ठेवलेले असणे, वाळूऐवजी दुसरा पदार्थ घातलेला असणे, दुसऱ्या मांजराने वाट अडविणे, अशी कारणे शोधावीत.

(ई) खूण करणे. मांजर बसत नाही. ते उभ्यानेच, शेपटी ताठ उभारून व थरथरवून, भिंत, दार किंवा पडदा अशा उभ्या पृष्ठभागावर थोडी लघवी मागे उडविते. हद्दीची खूण करण्याचा हा निसर्गदत्त व्यवहार आहे. खच्ची न केलेल्या बोक्यांत तो सर्वाधिक दिसतो. खच्चीकरणानंतर बहुतेक बोक्यांत तो थांबतो किंवा पुष्कळ कमी होतो.

ह्या चार कारणांपैकी एकातही सूडबुद्धीचा संबंध नाही, हे ध्यानात घ्यावे.

मूत्रमार्ग तुंबणे. पहिल्या प्रकारातील एक अवस्था स्वतंत्रपणे सांगणे अवश्य आहे. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असून टोकाशी अत्यंत अरुंद असतो. दाहामुळे निघालेला चिकट स्राव आणि मूत्रातील क्षारांचे स्फटिक ह्यांची गुठळी होऊन तो बंद होऊ शकतो. मग मूत्राशय फुगत जातो, मूत्रपिंडांवर उलट दाब येतो व त्यांचे काम थांबते. एरव्ही मूत्रावाटे बाहेर जाणारे पोटॅशियम रक्तात साठू लागते. हृदयाच्या स्नायूंचे नियमित आकुंचन रक्तातील पोटॅशियमच्या अचूक प्रमाणावर अवलंबून असल्यामुळे, ते वाढताच ठोके मंद व अनियमित होतात आणि अखेर हृदय बंद पडते.

बाहेरून दिसणारे दृश्य एवढेच असते की, बोका वारंवार घमेल्यात जाऊन कुंथतो, पण काहीच बाहेर पडत नाही. पुष्कळ घरांत हा मलावरोध समजला जातो आणि घरगुती रेचक देण्यात मोलाचा वेळ दवडला जातो. पुढे ओकाऱ्या होतात, पोट कठीण लागते, मांजर निपचित पडते. वारंवार कुंथूनही लघवी होत नसलेल्या बोक्याला त्याच दिवशी, रात्र असली तरी त्याच रात्री, पशुवैद्याकडे नेले पाहिजे. गुंगीचे औषध देऊन मूत्रमार्गात बारीक नळी घालणे आणि शिरेतून क्षारजल देणे हा ह्यावरील उपचार आहे. तो वेळेवर झाल्यास बहुसंख्य मांजरे वाचतात. ह्या रोगावर कोणताही घरगुती उपाय नाही.

४. शिक्षेने खोड जाते काय?

तुलनेने तरुण मांजरांतील मूत्राशयाच्या दाहाचा एक चमत्कारिक विशेष असा की, निम्म्याहून अधिक रोग्यांत तपासणी करूनही जंतू, खडा किंवा गाठ असे कोणतेच कारण सापडत नाही. ह्याला अकारण दाह असे म्हणतात. हा दाह बहुधा आठवड्याभरात आपोआप ओसरतो व काही काळाने पुन्हा उद्भवतो.

ह्यातच शिक्षेविषयीच्या एका भ्रमाचे मूळ आहे. समजा, मांजराने सोमवारी अंथरूण भिजविले, त्याला रोज मार मिळाला आणि रविवारी हा प्रकार थांबला. घरच्या माणसांना साहजिकच वाटते की, माराचा गुण आला. वस्तुतः मार दिला नसता तरीही तो थांबलाच असता. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हा तर्कशास्त्रातील प्राथमिक नियम येथे विसरला जातो. महिन्या-दोन महिन्यांनी दाह उलटला की मांजर ‘पुन्हा बिघडले’ असे ठरते आणि शिक्षा अधिक कठोर होते.

शिक्षा केवळ निरुपयोगी असती तर तिची फारशी फिकीर करावी लागली नसती. ती अपायकारक आहे, असा निष्कर्ष ह्या रोगावरील संशोधनातून निघतो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकारण दाहाचा दीर्घकाळ अभ्यास केला. ह्या रोगाने पीडित मांजरांत भीती व ताण ह्यांना प्रतिसाद देणारी शरीरयंत्रणा सतत उत्तेजित असते व तिचा परिणाम मूत्राशयाच्या आतील अस्तरावर होतो, असे त्यांना आढळले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांनी ४६ पाळीव मांजरांच्या घरातील परिस्थितीत सुधारणा करविल्या. लपण्याची जागा, खेळ, स्वच्छ घमेली, घरातील इतर मांजरांशी होणारा संघर्ष टाळणे, अशा त्या सुधारणा होत्या. पुढील दहा महिन्यांत मूत्रविकाराची लक्षणे लक्षणीय प्रमाणात घटली. ह्या पाहणीत तुलनेसाठी, सुधारणा न केलेला असा मांजरांचा दुसरा गट नव्हता, ही तिची मर्यादा सांगणे उचित होय.

त्याच विद्यापीठातील ज्युडी स्टेला व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्याहून बोलका आहे. त्यांनी १२ निरोगी व २० रोगपीडित मांजरे ७७ आठवडे निरीक्षणाखाली ठेवली. खाण्याची वेळ चुकणे, नेहमीचा सांभाळणारा माणूस बदलणे असे दैनंदिन क्रमातील बदल घडले, त्या आठवड्यांत अन्न कमी खाणे, घमेल्याबाहेर मलमूत्र करणे ह्यांसारखे प्रकार वाढले. आणि ते केवळ रोगपीडितांतच नव्हे, तर निरोगी मांजरांतही वाढले. नित्यक्रम स्थिर व परिस्थिती समृद्ध असताना मात्र रोगपीडित मांजरे निरोगी मांजरांसारखीच वागत.

ह्याचा अर्थ उघड आहे. भीती हे ज्या रोगाचे एक कारण, त्या रोगावर मार हा उपाय म्हणून योजणे म्हणजे आगीवर तेल ओतणे होय. शिवाय, घटनेनंतर काही वेळाने मिळालेल्या शिक्षेचा संबंध मांजर आपल्या कृत्याशी जोडू शकत नाही. ते तिचा संबंध मारणाऱ्या माणसाशी जोडते व त्याला भिऊ लागते.

५. इतर तक्रारी

हीच विचारपद्धती अन्य तक्रारींनाही लावता येते.

चावणे व ओरबाडणे. आजवर शांत असलेले मांजर उचलताना किंवा पाठीवर हात फिरविताना एकाएकी चावले, तर प्रथम दुखण्याचा संशय घ्यावा. दातांचे विकार, गळू व सांध्यांची झीज ही नेहमीची कारणे होत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत १२ वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली असता, त्यांपैकी ९० मांजरांत सांध्यांच्या ऱ्हासाची चिन्हे दिसली. अशी मांजरे लंगडतातच असे नाही. ती उंच जागी चढणे सोडतात आणि उंच काठाच्या घमेल्यात पाय टाकणे टाळतात. काठ एका बाजूस कापून कमी केल्याने ‘खोड’ सुटल्याची उदाहरणे पशुवैद्यांच्या परिचयाची आहेत. पिल्लाचे चावणे मात्र बहुधा खेळ असते. त्यासाठी हाताऐवजी दोरीला बांधलेला कापडाचा बोळा पुढे करावा.

रात्री ओरडणे. तरुण मांजरी माजावर आली की मोठ्याने ओरडते, लोळते, आणि समागम न झाल्यास दर दोन-तीन आठवड्यांनी ही अवस्था पुन्हा येते. निर्बीजीकरण हा ह्यावरील खात्रीचा उपाय होय. म्हातारे मांजर रात्री ओरडू लागले आणि भरपूर खाऊनही वाळू लागले, तर कंठस्थ ग्रंथी वाजवीपेक्षा अधिक काम करीत असल्याचा संशय घ्यावा. मांजरातील ह्या विकाराचे वर्णन १९७९ साली प्रथम झाले. तो औषधाने आटोक्यात ठेवता येतो. रक्तदाब वाढणे व बहिरेपण हीही अशा ओरडण्याची कारणे असू शकतात.

सामान नखलणे. ही खोडही नव्हे व आजारही नव्हे. नखांवरील जुने कवच काढणे, अंग ताणणे, आणि पंजांतील ग्रंथींच्या वासाने खूण ठेवणे हे त्याचे हेतू असतात. ही क्रिया बंद करता येत नाही, पण तिची जागा बदलता येते. मांजराला पूर्ण ताणून उभे राहता येईल एवढ्या उंचीचा, सुंभ किंवा गोणपाट घट्ट गुंडाळलेला भक्कम खांब त्याच्या आवडत्या जागेशेजारी उभा करावा.

अन्न टाकणे. एखादे वेळचे जेवण नाकारणे विशेष नाही. परंतु मांजराने, आणि विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर शरीरातील चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ लागते. कुत्र्याप्रमाणे ‘भूक लागली की खाईल’ हा न्याय मांजराला लावू नये. चोवीस तास अन्नाला तोंड न लावणे हे पशुवैद्याकडे जाण्यास पुरेसे कारण आहे.

दुखणे चेहऱ्यावरून ओळखण्याची एक पद्धत कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहतात : कान बाजूला वळून चपटे झाले आहेत काय, डोळे आवळून बारीक केले आहेत काय, नाकपुडीभोवतीचा भाग ताणला आहे काय, मिशा ताठ होऊन पुढे आल्या आहेत काय, आणि डोके खांद्यांच्या खाली झुकले आहे काय. प्रत्येकास ० ते २ गुण देतात. एकूण १० पैकी ४ किंवा अधिक गुण आल्यास वेदनाशामक उपचाराची गरज समजली जाते. अर्थात तो उपचार पशुवैद्यानेच ठरवावयाचा असतो.

६. दूधभात आणि टॉरिन

आहाराचा प्रश्नही ह्याच विषयात मोडतो. मराठी घरांत मांजराला दूधभात किंवा दूधपोळी घालण्याची प्रथा जुनी आहे. पूर्वी असे मांजर दिवसभर बाहेर हिंडून उंदीर, पाली, पाखरे मारीत असे व आपल्या आहारातील उणीव भरून काढीत असे. दार बंद असलेल्या सदनिकेत हा मार्ग उरत नाही.

मांजर हे पूर्णतया मांसाहारी जनावर आहे. काही आवश्यक द्रव्ये त्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. गाजरातील रंगद्रव्यापासून ते अ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. टॉरिन नावाचे द्रव्यही त्याला पुरेसे बनविता येत नाही. १९७५ साली अमेरिकेतील के. सी. हेज व सहकाऱ्यांनी दाखविले की, दुधातील केसिन हेच ज्यांच्या आहारातील प्रथिन होते अशा मांजरांत टॉरिनची उणीव होऊन डोळ्यांतील दृष्टिपटलाचा नाश होतो. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पायन व सहकाऱ्यांना असे आढळले की, ह्याच उणिवेमुळे हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगते, आणि टॉरिन दिल्यास ते पुष्कळ प्रमाणात पूर्ववत होते. ह्या शोधानंतर मांजरांच्या तयार खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले.

टॉरिन मांस, मासळी व विशेषतः हृदयाच्या मांसात असते; दुधात अत्यल्प असते; भातात व पोळीत नसते. त्याशिवाय वाढ झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही व त्यांना जुलाब होतात. केवळ दूधभातावर ठेवलेले मांजर वस्तूंना अडखळू लागले किंवा लवकर दमू लागले, तर त्याला वेंधळे किंवा आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या ताटलीत काय आहे हे पाहावे. जे कुटुंब स्वतः शाकाहारी आहे, त्याने संपूर्ण पोषण देणारे, टॉरिनयुक्त तयार खाद्य आणावे हे सोयीचे होय.

७. उपकाराच्या बुद्धीने होणारे अपकार

माणसाची औषधे मांजराला देणे अत्यंत धोक्याचे आहे. ताप किंवा कळ जावी म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. हे औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची जी रासायनिक क्रिया माणसाच्या यकृतात होते, ती मांजराच्या यकृतात फारच दुबळी असते. त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होतात. हिरड्या तपकिरी-निळसर दिसू लागतात. चेहरा व पंजे सुजतात.

कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते मांजराला लावल्यास कंप व झटके येतात. कांदा व लसूण, कच्चे वा शिजवलेले, तांबड्या पेशींचा नाश करतात. लिलीच्या फुलांचे परागकण अंगावरून चाटले गेले, तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लघवीची जागा फिनेलने धुण्याचीही पद्धत आहे. परंतु फिनॉलवर्गातील जंतुनाशके मांजराला विषारी आहेत. अशी जागा साध्या साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी.

८. घरातील माणसांचे आरोग्य

मांजरापासून माणसास होणाऱ्या रोगांत आपल्या देशात अलर्क रोगाचा, म्हणजे रेबीजचा, विचार प्रथम करावा. मांजर चावल्यास किंवा त्याने ओरबाडून रक्त काढल्यास ती जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखान्यात जाऊन लसीविषयी सल्ला घ्यावा. पिल्लाला सुमारे तीन महिन्यांचे झाल्यावर ही लस टोचून घ्यावी. पिल्लांचा मोठ्या प्रमाणावर बळी घेणाऱ्या पॅनल्युकोपेनिया ह्या रोगाची लस त्याही आधी सुरू करावयाची असते.

टॉक्सोप्लाझ्मा ह्या सूक्ष्म परजीवीच्या जीवनचक्रात मांजराचे स्थान काय, हे १९७० च्या सुमारास उलगडले. त्या संशोधनात भारतात जन्मलेले पशुवैज्ञानिक जितेंदर दुबे ह्यांचा महत्त्वाचा भाग होता. मांजराच्या विष्ठेतून पडणाऱ्या ह्या परजीवीच्या पुटिकांना संसर्गक्षम होण्यास १ ते ५ दिवस लागतात. म्हणून घमेले रोज साफ केले, की धोका फारच घटतो. गर्भवती स्त्रीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. मांजर घराबाहेर काढण्याची आवश्यकता नसते. कच्चे मांस व न धुतलेली भाजी ह्यांपासूनही हा संसर्ग होतो, हे विसरू नये.

९. घराची मांडणी व निरीक्षणवही

मांजरांच्या वैद्यांच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१३ साली मांजराच्या पाच गरजा सांगितल्या. लहान घरातही त्या भागविता येतात. एक, निर्भय जागा : उंचावरील फळी किंवा आडवे ठेवलेले खोके पुरते. दोन, अन्न, पाणी, घमेले व झोपण्याची जागा एकमेकांपासून दूर असणे, आणि मांजरे अनेक असल्यास प्रत्येकाला स्वतंत्र असणे. घमेली मांजरांच्या संख्येहून एकाने अधिक असावीत, असा संकेत आहे. तीन, शिकारीसारखा खेळ, दिवसातून दोन-तीन वेळा थोडा थोडा वेळ. चार, माणसांची सौम्य व नियमित वागणूक. पाच, वासाच्या जगाचा मान राखणे, म्हणजे उग्र धूप, अत्तरे व जंतुनाशके त्याच्या जागेपासून दूर ठेवणे.

पशुवैद्याला सर्वाधिक मदत होते ती नोंदींची. त्यासाठी एका वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात : दर पंधरवड्यास वजन, रोज अन्न किती उरले, पाणी किती प्याले, लघवी किती वेळा व किती झाली, झोपेत दर मिनिटास श्वास किती (निरोगी मांजरात हा आकडा बहुधा ३० च्या आत असतो), आणि घरात काय बदलले : पाहुणे, रंगकाम, नवे बाळ, नवे जनावर, जेवणाची वेळ. तक्रार सुरू झाली त्या दिवसाच्या आधीचे दोन आठवडे ह्या वहीत पाहिले, की कारणाचा धागा पुष्कळदा हाती लागतो.

शारीरिक कारण नाही व परिस्थितीही अनुकूल आहे, अशी खात्री झाल्यावर जे उरते त्यालाच खोड म्हणावे. असे उदाहरण क्वचितच उरते. उरलेच, तर नको त्या जागेची सोय काढून घेणे व हव्या त्या जागी खाऊ देऊन सवय लावणे, हा त्यावरील मार्ग होय. जे मांजर आज पोत्यात घालून नदीपलीकडे सोडले जाते, त्याला बहुधा शिक्षेची नव्हे तर लघवीच्या तपासणीची आवश्यकता असते.

स्वाध्याय

१. मांजर दुखणे लपविते, ह्याचा त्याच्या पूर्वजांच्या राहणीशी कसा संबंध जोडता येईल?
२. बसून केलेली लघवी व उभ्याने उडविलेली लघवी ह्यांतील फरक सांगून प्रत्येकीची संभाव्य कारणे लिहा.
३. ‘मार दिल्यावर खोड गेली’ ह्या अनुमानातील दोष दाखवा. ते पडताळून पाहण्यासाठी तुलनेचा गट का लागतो?
४. मूत्रमार्ग तुंबला असता हृदय का बंद पडते?
५. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या मांजराचे, त्यास त्रास न देता, सात दिवस निरीक्षण करून वर सांगितल्याप्रमाणे नोंदी ठेवा व त्या वर्गात वाचून दाखवा.